रेझिन वाळत नाही

घरी सर्फबोर्ड बनवणाऱ्याची खरी परीक्षा फोमला आकार देताना होत नाही, त्यावर काच चढवताना होते. फोमचा ठोकळा, ज्याला या धंद्यात ब्लँक म्हणतात, तो चुकीचा घासला गेला तर बोर्ड थोडा बेढब होतो, पण लाटेवर चालतो. त्यावर अंथरलेल्या काचकापडात मुरवलेलं रेझिन मात्र नीट घट्ट झालं नाही, तर हाती राहतो एक चिकट, मऊ, कधीही न संपणारा घोळ. अशा वेळी पहिला विचार मनात येतो तो ‘अजून वाळलं नसेल’ हा. मग पंखा लावला जातो, बोर्ड वाऱ्यावर ठेवला जातो, आणखी दोन दिवस वाट पाहिली जाते. हे सगळे उपाय रंगाच्या डब्यावरून उचललेले आहेत. रंगातला द्रावक उडून जातो आणि मागे कोरडा थर उरतो, त्यामुळे वाळलेल्या रंगाचं वजन ओल्या रंगापेक्षा बरंच कमी भरतं. रेझिनचा कप घट्ट होण्याआधी आणि झाल्यावर काट्यावर ठेवला, तर वजन जवळजवळ तेवढंच भरतं. म्हणजे काही उडून गेल्याने ते कडक झालेलं नाही. आतले लहान रेणू एकमेकांना जोडले जाऊन सलग जाळं तयार झालेलं आहे. ही जोडणी झाली नसेल, तर वारा काही करू शकत नाही आणि नुसता वेळही फारसं काही करत नाही. शिवाय सर्फबोर्डवर वापरली जाणारी रेझिनं दोन कुळांतली आहेत आणि त्यांची जोडणीची रीत एकमेकांहून अगदी वेगळी आहे. एका कुळात जो उपाय बोर्ड वाचवतो, तोच दुसऱ्या कुळात बोर्ड घालवतो. म्हणून ‘हार्डनर थोडं जास्त घाल’ असा सरसकट सल्ला देण्याआधी कोणतं रेझिन आणि कोणती अभिक्रिया, हे विचारायला हवं.

दोन कुळं एकाच धंद्यात कशी आली, हे बोर्डाच्या गाभ्याच्या इतिहासातून कळतं. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतू आणि पॉलिएस्टर रेझिन ही नवी सामग्री कॅलिफोर्नियातल्या बोर्ड बनवणाऱ्यांच्या हाती आली. बॉब सिमन्सने 1940च्या दशकाच्या अखेरीस पॉलिस्टायरीन फोमचा गाभा वापरून पाहिला, पण त्याभोवती प्लायवूड आणि बाल्सा लाकूड लावून. उघड्या पॉलिस्टायरीनवर पॉलिएस्टर रेझिन ओतता येत नाही, कारण त्यातलं स्टायरीन फोम विरघळवून टाकतं. 1958च्या सुमारास होबी ऑल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी पॉलियुरेथेन फोमचे बोर्ड बाजारात आणले. या फोमला स्टायरीनचं वावडं नव्हतं. त्यामुळे पॉलियुरेथेन फोम आणि पॉलिएस्टर रेझिन ही स्वस्त, झटपट जोडी पुढची जवळपास पन्नास वर्षं या धंद्यावर राज्य करत राहिली. क्लार्कचा ‘क्लार्क फोम’ हा कारखाना अमेरिकेतल्या बहुसंख्य बोर्डांना गाभा पुरवत होता. 5 डिसेंबर 2005 रोजी त्याने तो अचानक बंद केला, तेव्हा अनेक कारागीर पॉलिस्टायरीनच्या हलक्या गाभ्याकडे आणि अर्थातच त्याला चालणाऱ्या इपॉक्सी रेझिनकडे वळले. हातांची सवय मात्र पॉलिएस्टरचीच होती. आजही घरी पहिला बोर्ड करणारा अनेकदा इपॉक्सीचा डबा विकत आणतो आणि सल्ले मात्र पॉलिएस्टरचे ऐकतो. न जमणाऱ्या रेझिनच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ या सरमिसळीत आहे.

आधी पॉलिएस्टर पाहू. त्याच्या लांबट रेणूंच्या कण्यात जागोजागी दुहेरी बंध असतात आणि हे रेणू स्टायरीन या पातळ द्रवात विरघळवलेले असतात. वजनाने साधारण तीस ते पंचेचाळीस टक्के स्टायरीनच असतं. ते रेझिनला पातळ ठेवतं आणि पुढे लांब रेणूंमधले पूलही तेच बांधतं. दुहेरी बंध उघडून ही साखळी सुरू करायला मुक्त मूलक लागतात. ते मिथाइल इथाइल कीटोन पेरॉक्साइड, म्हणजे एमईकेपी, पुरवतं. खोलीच्या तापमानाला एमईकेपी एकटं पुरेशा वेगाने तुटत नाही. त्याला तोडायला रेझिनमध्ये कोबाल्टचा क्षार अगदी थोड्या प्रमाणात मिसळलेला असतो. शिवाय डब्यातलं रेझिन महिनोन्‌महिने टिकावं म्हणून कारखान्यात हायड्रोक्विनोनसारखा रोधक घातलेला असतो. सुरुवातीचे मूलक या रोधकाला संपवण्यातच खर्ची पडतात. म्हणूनच एमईकेपी मिसळल्यावर दहा-पंधरा मिनिटं काहीच घडत नाही असं वाटतं आणि मग पाहता पाहता द्रवाची जेली होते. एकेक मूलक रेणूंची लांबलचक साखळी सुरू करू शकतो, त्यामुळे रेझिनच्या वजनाच्या एक ते दोन टक्के एवढं थोडं एमईकेपी पुरतं. पण ते अभिक्रियेत वापरलं जातं आणि संपतं. ते कमी पडलं, तर जाळं अर्धवट असतानाच मूलक संपून जातात आणि राहिलेलं काम पुढे नेणारं कोणी उरत नाही.

यावरून असं वाटेल, की मग जास्त घातलेलं बरं. पॉलिएस्टरच्या बाबतीत हे एका मर्यादेपर्यंत खरं आहे आणि म्हणूनच हा सल्ला इतका पसरला. थंडीत दीड-दोन टक्के, उन्हाळ्यात एक टक्का, असा फरक अनुभवी कारागीर करतात आणि तो योग्यच आहे. रासायनिक अभिक्रियेचा वेग तापमान दहा अंशांनी वाढल्यावर साधारण दुप्पट होतो, या ठोकताळ्याने पाहिलं तर 15 अंशांच्या गॅरेजमधलं रेझिन 25 अंशांच्या गॅरेजपेक्षा दुप्पट वेळ घेणार. पण मर्यादा ओलांडली की दोन गोष्टी बिघडतात. एकदम खूप साखळ्या सुरू झाल्याने त्या आखूड राहतात. उष्णताही एकदम बाहेर पडते, आणि थर पिवळट, ठिसूळ होतो किंवा त्याला बारीक तडे जातात. दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. बाजारातलं एमईकेपी शुद्ध नसतं. स्फोटाचा धोका टाळण्यासाठी ते थॅलेटसारख्या निष्क्रिय द्रवात पातळ केलेलं असतं. तो द्रव जाळ्यात सामील होत नाही, आतच राहतो आणि प्लास्टिकला मऊ करतो. म्हणजे कडकपणासाठी ओतलेला जादा डोस स्वतःबरोबर मऊपणाही घेऊन येतो. बोर्डाच्या एका बाजूला सहाशे ग्रॅम रेझिन लागणार असेल, तर एक टक्का म्हणजे 6 ग्रॅम आणि दोन टक्के म्हणजे 12 ग्रॅम. अपुरं आणि अति यांच्यामध्ये इतकीच जागा असताना थेंब मोजणं किंवा बाटलीचं झाकण भरून ओतणं हा जुगार ठरतो. दशांश ग्रॅम दाखवणारा काटा किंवा सुईविना इंजेक्शनची सिरिंज एवढ्याने तो टळतो.

प्रमाण आणि तापमान दोन्ही बरोबर असूनही पॉलिएस्टरचा वरचा पृष्ठभाग चिकट राहू शकतो आणि इथे गुन्हेगार असतो ऑक्सिजन. हवेतला ऑक्सिजन वाढत्या साखळीच्या टोकावरचा मूलक पकडतो आणि त्याला जवळजवळ निष्क्रिय करून टाकतो. आतल्या भागात हवा पोचत नाही, म्हणून आतलं रेझिन कडक होतं, पण वरची अगदी पातळ पापडी चिकटच राहते. बोर्ड जितका जास्त वेळ वाऱ्यात ठेवावा, तितका या पापडीला ऑक्सिजन मिळतो. पंख्याचा उपाय इथे निरुपयोगीच नाही तर उलटा ठरतो, कारण वाऱ्याने पृष्ठभागावरचं स्टायरीनही उडतं. गंमत अशी, की हा चिकटपणा नेहमीच दोष नसतो. कापड मुरवण्याचं लॅमिनेटिंग रेझिन मुद्दाम असंच बनवलेलं असतं, कारण वरच्या अपुऱ्या थरातले मोकळे बंध पुढच्या थराशी रासायनिकरीत्या जोडले जातात. त्यावर येणाऱ्या दुसऱ्या थरात, म्हणजे हॉट कोटमध्ये, स्टायरीनमध्ये विरघळवलेलं पॅराफिन मेण असतं. रेझिन घट्ट होऊ लागलं की मेण वर येऊन पातळ आवरण करतं, ऑक्सिजन अडवतं आणि पृष्ठभाग घासता येईल इतका कोरडा होतो. म्हणून बोर्ड चिकट आहे अशी तक्रार आली, की आधी डबा कोणता होता हे पाहावं. लॅमिनेटिंग रेझिनचा थर बोटाला चिकटत असेल, पण नखाने दाबल्यावर खड्डा पडत नसेल, तर काहीही बिघडलेलं नाही आणि पुढचा थर खुशाल द्यावा. उलट मेणवाल्या थरावर न घासता दुसरा थर दिला, तर तो चकचकीत दिसतो आणि काही दिवसांनी सालीसारखा सुटतो.

पॉलिएस्टरची ही ओळख महाराष्ट्र-गोव्याच्या किनाऱ्यावरच्या कारागिरांना नवी नाही. फायबरच्या होड्या आणि फायबरच्या मूर्ती याच रसायनावर उभ्या राहतात. फरक एवढाच, की आपल्याकडच्या कामांत कोबाल्ट अनेकदा रेझिनमध्ये आधी मिसळलेलं नसतं, वेगळ्या बाटलीत मिळतं. म्हणून एक नियम इथे जास्तच ठळकपणे सांगायला हवा. कोबाल्ट आणि एमईकेपी कधीही थेट एकमेकांत मिसळू नयेत, कारण ते मिश्रण पेट घेऊ शकतं किंवा त्याचा स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यावं आणि मगच एमईकेपी घालावं. एमईकेपीचा थेंब डोळ्यात गेला तर बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला कायमची इजा होऊ शकते, म्हणून चष्म्याशिवाय बाटली उघडू नये. पावसाळ्यातल्या ओलीचा संबंधही थेट घट्ट होण्याशी आहे. कापडातलं किंवा रेझिनमधलं पाणी कोबाल्टचं काम मंदावतं आणि काच व रेझिन यांची पकडही बिघडवतं. जून-जुलैच्या हवेत उघडं पडलेलं काचकापड वापरण्याआधी कोरडं करून घेणं, हे म्हणूनच योग्य प्रमाणाइतकंच महत्त्वाचं आहे.

आता इपॉक्सीकडे येऊ आणि इथे नियमच बदलतात. घरोघरी माहीत असलेलं अ‍ॅराल्डाइट हे इपॉक्सीच आहे आणि त्याच्या दोन्ही नळ्यांतून सारखंच मलम काढायचं असतं, ते उगाच नाही. इपॉक्सीत साखळी पेटवून बाजूला होणारं कोणी नसतं. रेझिनच्या रेणूंवरचे इपॉक्साइड गट आणि हार्डनरमधल्या अमाइनचे हायड्रोजन यांची एकास एक जोडी जमते आणि हार्डनर स्वतः त्या जाळ्याचा भाग होतो. फुगडीला जमलेल्या मुलींपैकी जिला जोडीदार मिळाली नाही ती बाजूला उभी राहते, तसे जादा हार्डनरचे रेणू जोडीविना आतच पडून राहतात. परिणामी थर रबरासारखा मऊ, पाणी शोषणारा, कधीच पूर्ण कडक न होणारा असा राहतो. थंडी आहे म्हणून हार्डनर वाढवणं, ही पॉलिएस्टरमधली शहाणी सवय, इथे नेमकी उलटी पडते. वेग बदलायचा असेल तर प्रमाण नाही, हार्डनरच बदलावा लागतो, जलद किंवा मंद. प्रमाणातली चूकही अनेकदा निष्काळजीपणाची नसते, मापाच्या गोंधळाची असते. समजा डब्यावर दोनास एक असं घनफळाचं प्रमाण लिहिलं आहे. रेझिनची घनता 1.15 आणि हार्डनरची 0.97 असेल, तर 200 मिलीलिटर रेझिनचं वजन 230 ग्रॅम आणि 100 मिलीलिटर हार्डनरचं 97 ग्रॅम भरतं. तेच प्रमाण काट्यावर वजनाने दोनास एक धरलं, तर 115 ग्रॅम हार्डनर पडेल, म्हणजे जवळजवळ एकोणीस टक्के जादा. उत्पादकाने वजनाचं प्रमाण वेगळं दिलेलं असतं, तेच काट्याला लावावं. आणि ढवळणं इथे प्रमाणाइतकंच महत्त्वाचं आहे. कपाच्या कडेला चिकटलेलं, न मिसळलेलं रेझिन शेवटी बोर्डवर खरवडून टाकलं, तर नेमके तेवढेच पट्टे चिकट राहतात. बोर्डवरचा चिकटपणा सलग नसून ठिपक्याठिपक्यांत असेल, तर संशय आधी ढवळण्यावर घ्यावा.

इपॉक्सीला प्रमाणाने घाई करता येत नाही, तेव्हा तापमानाचं महत्त्व आणखी वाढतं. जोड्या जमत जातात तसतसं जाळं घट्ट होतं आणि ज्या तापमानाला ते काचेसारखं कडक राहतं, ते तापमानही वर चढत जातं. हे तापमान खोलीच्या तापमानाला गाठून थोडं पुढे गेलं, की उरलेल्या रेणूंना एकमेकांपर्यंत पोचायला जागाच उरत नाही आणि अभिक्रिया जवळजवळ थांबते. बोर्ड हाताला टणक लागतो, पण आत पुष्कळ जोड्या अपुऱ्याच असतात. असा बोर्ड दुपारी बंद गाडीत ठेवला तर मऊ पडू शकतो, आणि टाचेखाली तो लवकर दबतो. उपाय आहे तो नंतर दिलेल्या उष्णतेचा. उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेत, फोमला न दुखवणाऱ्या उबेत काही तास ठेवल्यावर थांबलेली अभिक्रिया पुढे सरकते. थंडीचा दुसरा त्रास पृष्ठभागावर दिसतो. अमाइन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी आणि ओलीशी अभिक्रिया करून मेणचट, चिकट पापुद्रा बनवतं. बऱ्याच जणांना तो अर्धवट घट्ट झालेला थर वाटतो. खाली थर पूर्ण कडक असू शकतो. पापुद्रा साध्या पाण्याने धुतला जातो, आणि तो धुतल्याशिवाय घासला तर पुढच्या थरात डाग पडतात. थंड गॅरेज गरम करायला केरोसीनची किंवा गॅसची उघडी शेगडी लावणाऱ्याने हे नीट समजून घ्यावं. जळणातून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ दोन्ही बाहेर पडतात, म्हणजे पापुद्र्याला लागणारा कच्चा मालच खोलीत सोडला जातो. वर उघडी ज्योत आणि साफसफाईसाठी ठेवलेलं अ‍ॅसिटोन एका खोलीत असणं हा आगीचा धोका वेगळाच.

इथे एक रास्त आक्षेप येतो. कॅलिफोर्निया आणि हवाईमधले जुने कारागीर काटा न वापरता, नजरेच्या अंदाजाने एमईकेपी ओततात आणि त्यांचे बोर्ड दशकानुदशकं टिकतात. मग एवढी मोजमापं कशाला? याचं उत्तर त्यांच्या कौशल्यात आहे, तसंच त्यांच्या परिस्थितीतही आहे. ते रोज त्याच खोलीत, त्याच कंपनीच्या रेझिनवर, त्याच आकाराच्या बादलीत काम करतात. बदलणारी गोष्ट एकच उरते, ती म्हणजे त्या दिवसाची हवा, आणि तिच्याशी डोस कसा जुळवायचा हे शेकडो बोर्डांनी त्यांना शिकवलेलं असतं. शिवाय त्यांचं रेझिन पॉलिएस्टर असतं, ज्यात एक ते दोन टक्क्यांमधली चूक माफ होते. वर्षातून एखादा बोर्ड करणाऱ्याकडे हे काहीच नसतं. त्याची खोली, डबा, ऋतू, कपाचा आकार, सगळंच दर वेळी नवं असतं. कपाचा आकारसुद्धा महत्त्वाचा, कारण खोल कपात साठलेलं रेझिन स्वतःच्याच उष्णतेने तापत जातं आणि धुरावू लागतं, तर तेच रेझिन बोर्डवर पातळ पसरलं की उष्णता लगेच निघून जाते. कपात पंधरा मिनिटांत जेली झाली म्हणून बोर्डवरही तेवढ्याच वेळात होईल, ही अपेक्षा म्हणूनच फसते.

दुसरा आक्षेप असा, की अतिनील प्रकाशाने घट्ट होणारं पॉलिएस्टर आल्यावर ही सगळी कटकट संपली. त्यात एमईकेपीऐवजी प्रकाशाने तुटणारं द्रव्य असतं. सावलीत हवा तितका वेळ काम करावं, मग बोर्ड उन्हात न्यावा, काही मिनिटांत तो कडक. ही सोय खरी आहे आणि मोजण्यातली मोठी चूक ती टाळते. पण तिचा नियम असा, की जिथे प्रकाश पोचेल तिथेच घट्टपणा पोचेल. गडद रंग, कार्बनचं कापड, फिनच्या बुडाशी साठलेला जाड थर, यांच्या तळाला प्रकाश पोचत नाही आणि वर कडक कवच, खाली ओलं रेझिन अशी स्थिती होते. अशा जागी एमईकेपीचाच आधार घ्यावा लागतो. ऑक्सिजनचा अडसर इथेही तसाच आहे आणि मेणाची गरजही. शिवाय उन्हाने गरम होणाऱ्या फोममधली हवा फुगून ओल्या थरातून बुडबुडे काढते, विशेषतः पॉलिस्टायरीनमध्ये. म्हणून पॉलिस्टायरीनवर इपॉक्सी चढवणारे तापमान उतरत असताना, दुपारनंतर काम धरतात, म्हणजे आकसणारी हवा रेझिनला आत ओढते. प्रकाशाने एक प्रश्न सोडवला, बाकीचे जागेवरच राहिले.

तेव्हा चिकट बोर्ड समोर असताना प्रश्नांचा क्रम असा असावा. रेझिन कोणत्या कुळातलं? पॉलिएस्टर असेल तर मेणविरहित थराचा नेहमीचा चिकटपणा आहे की नख रुतेल इतका मऊपणा? मऊ असेल तर ऊब द्यावी, आणि तरीही न सुधारल्यास योग्य डोसचा पातळ थर वर देऊन पाहावा. तो खालच्या मोकळ्या बंधांना काही प्रमाणात पुढे नेतो, पण एमईकेपी घालायलाच विसरलं असेल तर खालचा जाड थर त्याने वाचत नाही. इपॉक्सी असेल तर आधी पाण्याने धुवावं, मग ऊब द्यावी. तरीही रबरासारखं राहिलं तर प्रमाण चुकलेलं आहे, आणि त्यावर नवा थर म्हणजे खराब पायावर नवी भिंत. ते खरवडून, कापड काढून नव्याने सुरुवात करणं हाच स्वस्त मार्ग. या क्रमातून एक गोष्ट स्पष्ट होते. तापमान, ऑक्सिजन, पापुद्रा, मेण, या सगळ्यांवर बोर्डवर नंतरही काहीतरी करता येतं. कपात चुकलेलं प्रमाण मात्र पुढे सुधारत नाही. म्हणून घरी बोर्ड करणाऱ्याने आपली सगळी काळजी कपावर खर्च करावी. प्रत्येक मिश्रणाचं वजन, खोलीचं तापमान आणि वेळ वहीत लिहावी, प्रत्येक कपातलं थोडं रेझिन नमुना म्हणून बाजूला ठेवावं आणि बोर्डआधी तो नमुना तपासावा. जुन्या कारागिराच्या नजरेत जे शेकडो बोर्डांनी साठलं आहे, ते नवशिक्याला पाच-सहा बोर्डांत साठवायचं असेल, तर त्याच्याकडे वहीशिवाय दुसरं साधन नाही.